‘शुगर’ मागितली, म्हणून साखर मिळाली नाही

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

थंडी पडायला लागली की आपल्या शहरात रविवारची सकाळ एकाच रंगाचे टी-शर्ट घालून उजाडते. पाच किलोमीटर, दहा किलोमीटर, हाफ मॅरेथॉन. सोमवारच्या अंकात आपण त्याचे फोटो छापता आणि आम्ही त्यात आपलं डोकं शोधतो. सध्या ठिकठिकाणी आयोजक मंडळींच्या बैठका चालू असतील, कोण टी-शर्ट देणार, कोण केळी देणार हे ठरत असेल, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय. पत्रात तक्रार आहे, पण नाव कोणाचंच घेत नाही. नाव घेतलं तर तेवढेच सुधारतील आणि बाकीचे मजा बघतील.

मी पिग्मी एजंट आहे, म्हणजे दुकानादुकानांतून संस्थेसाठी रोजच्या छोट्या ठेवी गोळा करणारा. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार, रविवार पेठ ही माझी लाईन. पिग्मीचे शंभर रुपये गल्ल्यातून काढायच्या आधी दुकानदार चहा सांगतो. ‘बसा की ओ, च्या घ्या’ म्हणतो. चहा नाकारला तर त्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं आणि पुढच्या महिन्यात खातं दुसऱ्या संस्थेत जातं. त्यामुळं बावीस वर्षं मी चहा नाकारला नाही. दिवसाला बारा-तेरा कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, आणि आपल्याकडचा चमचा कधी सपाट नसतो. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं नाव सरकारी कागदावर बेळगावी झालं. त्याच महिन्यात दवाखान्यातल्या माझ्या फाईलवरही एक नवीन नाव चढलं, मधुमेह. वय तेव्हा एक्केचाळीस, रक्तातल्या साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा (एचबीए१सी, टक्क्यांत) ९.८.

डॉक्टर म्हणाले, चालत जा. मी म्हटलं, डॉक्टर, दिवसभर फिरतोच की. ते म्हणाले, कशावरनं? मी म्हटलं, स्कूटरवरनं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नुसतं माझ्याकडं बघितलं.

तर टिळकवाडीच्या वॅक्सिन डेपोत झाडांखालून चालायला लागलो. चालता चालता कंटाळा आला म्हणून एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत पळायला लागलो. मग तीन झाडं सोडून चौथ्यापर्यंत. दीड वर्षानं वडगावातून येळ्ळूर रस्त्याला लागून भाताच्या शिवारातनं सात-आठ किलोमीटर न थांबता जायला लागलो. कापणीच्या आधी त्या रस्त्याला पहाटे भाताचा जो वास असतो, तो एकदा घेतल्यावर माणूस पाचला आपोआप उठतो. घरात आधी चेष्टा झाली. बायको म्हणायची, वसुलीला पळायचं सोडून हे कुठं पळायलासा? पण आकडा ९.८ वरनं ६.९ वर आला आणि चेष्टा थांबली. चहा अजून बारा कपच आहे, फक्त बिनसाखरेचा. दुकानदारांनीच चहावाल्यांना सांगून ठेवलंय, ‘पिग्मीवाल्यांचा वेगळा’.

आता मुद्द्याचं सांगतो.

काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. दहा किलोमीटरची स्पर्धा. सातव्या किलोमीटरला, काँग्रेस रोडवर तिसऱ्या गेटच्या अलीकडे, आधी ओठ बधिर झाले. मग मानेवर घाम आला, पण गार. पळताना घाम यायचाच, म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग गुडघ्यांतलं बळ कोणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. आणि मग पाट्या. दुकानांच्या ज्या पाट्या रोज येता-जाता डोळ्यांखालून जातात, त्या वाचता येईनात. मराठी येईना आणि कन्नडही येईना, दोन्ही लिप्या सारख्याच परक्या. सीमाभागात दोन्ही पाट्या एकसारख्या दिसायला लागल्या तर माणसानं समाधान मानू नये, खाली बसावं. मी बसलो. रस्त्याकडेच्या दगडावर.

पाण्याच्या टेबलावरचा पोरगा धावत आला. विशीतला असेल, गळ्यात शिट्टी. त्याच्या हातात कागदी कप होता, त्यात ग्लुकोजचं पिवळट पाणी आणि त्या पाण्यावर एक चिलट तरंगत होतं. त्या सकाळचं बाकी बरंच काही आठवत नाही, ते चिलट मात्र आठवतं. कप माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर आला होता. पोरगा म्हणाला, ‘मामा, काय व्हायलंय?’ जीभ जड झालेली. मी सगळा जोर लावून म्हटलं, ‘शुगर... शुगर...’

आणि तो कप मागं गेला.

‘ए, शुगर आहे मामांना! गोड देऊ नका रे!’ असं ओरडून त्यानं कप टेबलावर नेऊन ठेवला. दुसऱ्यानं डोक्यावर गार पाण्याची बाटली ओतली. तिसरा कोणीतरी लांबूनच म्हणाला, ‘सकाळी सकाळीच घेतलेत काय की.’ ते ऐकून मला राग आला होता एवढं कळतंय, पण राग कोणावर काढायचा हे तेव्हा उमजत नव्हतं.

त्या पोराची चूक नव्हती. त्यानं लहानपणापासून जे ऐकलं तेच केलं. आपल्याकडं मधुमेह कोणी म्हणत नाही. त्यांना शुगर आहे, शुगर वाढलीय, शुगरची गोळी घेतली का. डब्यात असते ती साखर आणि रक्तात असते ती शुगर. इतकी वर्षं आपण या एका वस्तूचे दोन शब्द करून ठेवलेत, एक स्वयंपाकघरात आणि एक दवाखान्यात. त्यामुळं मी ‘शुगर’ म्हणून साखर मागत होतो आणि पोराला ऐकू येत होतं की याला रोग आहे. ज्याला शुगर आहे त्याला साखर विष, हे तर आता शाळकरी पोरालाही पाठ आहे. मी नुसतं ‘साखर’ म्हटलं असतं तर कदाचित कप मागं गेला नसता.

वाचवलं ते रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यावरच्या बाईनं. ती साखरेचा डबा घेऊनच आली. पोरांना कन्नडमध्ये काहीतरी सणसणीत बोलली, माझा हात ओढून तळव्यावर साखर ओतली आणि म्हणाली, ‘तिन्री, मोदल तिन्री.’ खा, आधी खा. हात थरथरत होता. अर्धी साखर तोंडात, अर्धी मांडीवर. मग तिनं पेल्यात साखर ढवळून पाणी केलं आणि पेला माझ्या तोंडाशी धरला. तिच्या नवऱ्याला इन्सुलिन चालू आहे, हे नंतर मी गाडीवर गेलो तेव्हा कळलं. दहा-बारा मिनिटांनी ॲम्ब्युलन्स आली. सिस्टरनं बोट टोचलं, आकडा आला ६१ (हा त्या घडीचा, एका डेसिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम साखर). एवढी साखर पोटात गेल्यावरचे ६१. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी झाली म्हणतात, चोपन्नच्या खाली गेली की गंभीर. मी दगडावर बसलो तेव्हा किती होती, देव जाणे.

हे असं का झालं, ते डॉक्टरांनी मला माझ्याच धंद्याच्या भाषेत सांगितलं, त्यामुळं डोक्यात बसलं. आपलं यकृत म्हणजे पतसंस्था. जेवल्यावर उरलेली साखर तिथं ठेव म्हणून जाते, गरज पडेल तशी बाहेर येते. दंडा-मांड्यांचे स्नायू हे मोठे खातेदार. एरवी त्यांना साखर उचलायला इन्सुलिनची सही लागते. पण पळायला लागलं की ते सहीची वाट बघत नाहीत, परस्पर उचलायला लागतात. शुगरवाल्याला पळणं मानवतं ते यामुळंच. मात्र मी मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडची गोळी घेत होतो. ही गोळी स्वादुपिंडाला सारखं इन्सुलिन सोडायला लावते, पोटात काही असो नसो. म्हणजे एकीकडं स्नायू परस्पर उचलतायत, दुसरीकडं गोळी इन्सुलिनच्या सह्या मारत सुटलीय, आणि मी सकाळपासून पोटात घातलेला एक बिनसाखरेचा चहा. पतसंस्था बुडेल नाहीतर काय होईल? नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्याची साखर सहसा अशी खाली जात नाही. ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची जाते.

यात माझीही चूक आहे, ती लपवत नाही. मी चालायचं सोडून पळायला लागलो, चारचे दहा किलोमीटर झाले, आकडा उतरला, हे सगळं घडत असताना गोळी मात्र २०१४ चीच चालू होती. डॉक्टरांकडं जायचो ते रिपोर्ट दाखवायला. आकडा चांगला आला की ते खूश, मी खूश, पाच मिनिटांत बाहेर. ‘चालणं चालू आहे ना?’ ते विचारायचे, मी ‘होय’ म्हणायचो. आठवड्याला पस्तीस किलोमीटर पळतोय हे सांगितलंच नाही. सांगितल्यावर त्यांनी गोळी निम्म्यावर आणली. ज्यांची साखर पळण्यानं उतरायला लागली असेल त्यांनी एकदा आपल्या डॉक्टरांना किलोमीटरचा खरा आकडा सांगावा. गोळी आपल्या मनानं मात्र कमी करू नये. असा एक गृहस्थ आमच्याच मैदानावर आहे, पळतोय म्हणून त्यानं गोळ्या सोडल्यात आणि कारल्याच्या रसावर आहे. त्याच्याशी वाद घालणं मी सोडलंय.

कुंद्याचं मात्र सांगायलाच हवं. त्या प्रसंगानंतर मी शहाणा झालो आणि पळताना खिशात कुंदा, म्हणजे आपली बेळगावची मिठाई, ठेवायला लागलो. बेळगावचा माणूस, अडीअडचणीला कुंदाच आठवणार. प्लॅस्टिकच्या पिशवीत लिंबाएवढा गोळा बांधून ट्रॅक पँटच्या खिशात. दोन किलोमीटरमध्ये त्याचं पिठलं व्हायचं, ती गोष्ट वेगळी. डॉक्टरांना मोठ्या अभिमानानं दाखवला तर ते हसून हसून लाल झाले. म्हणाले, अहो, यात खवा आहे. खव्यात लोणी आहे. लोणी पोट सावकाश रिकामं करतं, म्हणून कुंद्यातली साखर रक्तात पोचेपर्यंत वेळ लागणार, आणि तुमच्याकडं तेव्हा वेळच नसतो. चॉकलेटचंही तेच. कुंदा सणाला खा, रस्त्यावर पडल्यावर नको. तेव्हा पाहिजे नुसती साखर किंवा ग्लुकोजची पावडर, पाण्यात तीन-चार चमचे, म्हणजे पंधरा ग्रॅमच्या आसपास. मग पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा बोट टोचून बघायचं, सत्तरच्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच घ्यायची. आली की मग बिस्कीट, भाकरी, काय असेल ते. आता माझ्या खिशात ग्लुकोजच्या पुड्या असतात, मेडिकलमधल्या डब्यातली पावडर घरीच कागदात बांधलेली. त्या घामानं ओल्या होतात म्हणून दर रविवारी नव्या बांधतो. बायको म्हणते, तुमच्या खिशात बघितलं तर पोलीस धरून नेतील.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. पळणं संपलं म्हणजे धोका संपला असं नाही. लांब पळून आल्यावर रिकामी झालेली ठेव स्नायू परत भरत बसतात, आणि ते भरणं दिवस-रात्रभर चालतं. माझ्या बाबतीत एकदाच झालं. राजहंसगडाची चढण पळत चढून आलो होतो, दुपारी जेवलो, संध्याकाळी लाईन केली, रात्री हलकं म्हणून नुसतं ताक-भात खाऊन झोपलो. दोन वाजता बायकोनं हलवून उठवलं. गादी ओली होती. तिला वाटलं पाऊस गळायलाय. मार्च महिन्यात कुठला पाऊस? उशीला घाम होता. तिनं काही विचारलं नाही, दिवासुद्धा नंतर लावला, आधी साखरेचं पाणी आणलं. हे तिला कोणी शिकवलं तर त्या चहाच्या गाडीवरच्या बाईनं. मीच एका रविवारी दोघींची ओळख करून दिली होती. एकीचं मराठी कच्चं, दुसरीचं कन्नड कच्चं, तरी अर्धा तास बोलत होत्या.

पायांचंही थोडं. माझ्या तळव्यांना जाणीव कमी आहे, म्हणजे किती कमी आहे ते मलाच माहीत नव्हतं. येळ्ळूर रस्त्याला एक दिवस मुरमाचा खडा बुटात गेला. साडेसात किलोमीटर तो माझ्याबरोबर पळाला आणि मला पत्ता नाही. घरी येऊन मोजा काढला तर मोज्याला तांबडा डाग, करंगळीच्या खाली तुरीच्या डाळीएवढं भोक. ते भरायला पाच आठवडे गेले, रोज ड्रेसिंग, पाच आठवडे लाईन स्कूटरवरनंच. मग डॉक्टरांनी नायलॉनचा एक जाडसर दोरा तळव्याला ठिकठिकाणी टेकवून विचारलं, कळतंय? डोळे मिटलेले होते. मला वाटलं ते अजून सुरुवातच करतायत. त्यांचं निम्मं तपासून झालं होतं. तेव्हापासून बूट घालायच्या आधी उलटा करून झाडतो, आत हात फिरवतो, आणि रात्री पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्यांत बघतो. तळवा दिसत नाही म्हणून दाढीचा आरसा जमिनीवर ठेवतो. नातू विचारतो, आजोबा पायाची दाढी करतात का?

पळायला निघताना बोट टोचून बघतो. शंभरच्या खाली असेल तर केळं खाऊन मग निघतो. अडीचशेच्या वर असेल तर त्या दिवशी पळत नाही, पाणी पितो आणि थांबतो. ज्यांना लहानपणापासूनचा, पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे त्यांनी अशा वेळी लघवीतलं किंवा रक्तातलं किटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होतं ते) तपासायला हवं, ते जास्त असताना पळणं घातक. टोचायच्या एका पट्टीला वीस-पंचवीस रुपये जातात. मैदानावरचे दोस्त म्हणतात, पळायला कशाला खर्च? पण पट्टी चहापेक्षा महाग आहे आणि सलाईनपेक्षा स्वस्त, एवढा हिशेब मला येतो.

एवढं सगळं वाचून कोणी म्हणेल, कशाला मग शुगरवाल्यानं पळावं, घरात बसावं. हे मला खडेबाजारात रोज ऐकू येतं. मी त्यांना वसीम अक्रम सांगतो. पाकिस्तानचा असला म्हणून काय झालं. १९९७ साली, तिशीत, त्याला मधुमेह निघाला, इन्सुलिन सुरू झालं, आणि त्यानंतर तो २००३ पर्यंत जोरदार गोलंदाजी करत राहिला. २००३ च्या वर्ल्ड कपमध्ये वनडेतल्या पाचशे विकेट पूर्ण केल्या. आमचा एक कापड दुकानदार यावर म्हणतो, ‘त्याला बॉल टाकायला पैसे मिळत होते, तुम्हाला काय मिळतंय?’ मी म्हणतो, तुमचे शंभर रुपये काढा.

आता आयोजकांकडं काय मागायचंय ते. देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आलंय. प्रौढांमध्ये सव्वाअकरा टक्क्यांच्या वर. म्हणजे नऊ माणसांत एक. पळणाऱ्यांत हे प्रमाण कमी असेल असं धरलं, तरी हजार जण पळणार असतील तर त्यात किती जणांच्या पोटात सकाळची गोळी असेल याचा अंदाज बांधता येतो. डॉक्टरच पळा म्हणतात, पेपरवालेही पळा म्हणतात, आणि पाण्याच्या टेबलावर उभ्या असलेल्या पोराला मात्र एकच गोष्ट ठाऊक असते की शुगरवाल्याला गोड द्यायचं नाही.

त्याला फार काही शिकवायला नको. स्पर्धेच्या आदल्या दिवशी टी-शर्ट वाटता, त्या वेळी पाच मिनिटं काढा. पळणारा माणूस गार घामानं भिजलाय, थरथरतोय, अडखळत बोलतोय, वेड्यासारखं चिडतोय, तर दारूचा वास शोधत बसू नका. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर साखरेचं पाणी द्या. त्याला खरोखर शुगर वाढल्यामुळं त्रास होत असेल तर? हा प्रश्न पोरं विचारतीलच. तर एका पेल्यानं त्याचं जे व्हायचं ते फार काही वाढत नाही, पण साखर खाली गेलेल्याला तो पेला नाकारला तर माणूस हातचा जाऊ शकतो. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा.

दुसरं असं की टेबलावर जे रंगीत पाणी ठेवता त्यातलं काही आजकाल ‘शुगर फ्री’ असतं. बाटली दिसायला तीच. पडलेल्या माणसाला ते पाजून उपयोग शून्य. एक किलो साखर आणि एक चमचा प्रत्येक टेबलावर ठेवायला किती खर्च येतो? केळ्यांच्या एका घडाहून कमी. हवं तर साखर मी देतो. खरंच देतो, शहापुरात येऊन घेऊन जा.

आणि छातीवर जो नंबर लावता त्याच्या पाठीमागं चार ओळींची जागा छापा. आजार काय, गोळी कुठली, घरचा फोन. पेनानं लिहायची सोय. ही मागणी मी एका आयोजकांकडं तोंडी केली होती. ते म्हणाले, पाठीमागं प्रायोजकांची जाहिरात आहे.

ती जागा मिळेपर्यंत मी माझ्यापुरती सोय केलीय. जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी, वरनं प्लॅस्टिक, सेफ्टी पिनेनं टी-शर्टला आतून लावलेली. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. रस्त्यावर पडल्यावर आपल्याला कोणत्या भाषेचा माणूस उचलणार हे आपल्या हातात नसतं, आणि माझा अनुभव तर कन्नडच्या बाजूनं आहे. कन्नड मजकूर मी आधी माझ्या अकलेनं लिहिला होता, ‘ननगे शुगर ऐति’. शेजारच्या मास्तरांना दाखवला. ते वाचून म्हणाले, हे वाचून आमची माणसंही तुम्हाला गोड देणार नाहीत. म्हणजे हा ‘शुगर’चा घोळ त्यांच्याकडंही तोच. त्यांनी तो खोडून नीट लिहून दिला. मी चिठ्ठीवर कन्नड लिपीतच लिहिलाय, आपल्या छपाईला सोपं जावं म्हणून खाली देवनागरीत देतो. ज्याला पाहिजे त्यानं खुशाल उतरवून घ्यावा. पत्र फार लांबलंय हे कळतंय मला. जागा कमी पडली तर वसीम अक्रम कापा, कुंदाही कापलात तरी चालेल, चिठ्ठी तेवढी राहू द्या.

मला मधुमेह आहे. मी अडखळत बोलत असेन तर ते साखर कमी झाल्यामुळे आहे. शुद्धीवर असेन तर साखरेचे पाणी पाजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

ननगे सक्करे कायिले इदे. प्रज्ञे इद्दरे सक्करे नीरु कुडिसि. प्रज्ञे इल्लदिद्दरे बायिगे एनू हाकबेडि, १०८ के फोन माडि.

आपला,
एक पिग्मी एजंट, शहापूर, बेळगाव
(नाव-पत्ता संपादकांकडे)